ब्रेकचं काम झालं, पण लाल दिवा जाईना

नवे डिस्क पॅड बसले, चाकं चढली, गाडी जॅकवरून खाली आली. किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, आणि डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा काही विझायचं नाव घेईना. कामाआधी दिवा लागत नव्हता, म्हणजे कामातच काहीतरी राहिलंय, हा तर्क बहुतेक वेळा बरोबर असतो. पण नेमकं काय राहिलंय ते शोधताना लोक भलत्याच टोकाला हात घालतात. कुणी कपलर, म्हणजे वायरीची जोडणी, काढून दिवाच गप्प करतं, तर कुणी न तपासताच नवा सेन्सर मागवतं.

दिव्याचं नंतर बघू. आधी पेडल.

पॅड बदलताना कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे) पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे काम झाल्यावर पहिल्या एकदोन दाबांना पेडल जवळजवळ रिकामंच खाली जातं. म्हणून गाडी जागची हलवण्याआधी, इंजिन बंद ठेवून, पेडल टणक होईपर्यंत थोडं थोडं दाबत राहायचं. दर वेळी पार खालपर्यंत हाणायचं नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागात) रबरी सील रोज ठरावीक भागातच पुढेमागे होत असतात. त्यापलीकडच्या भागात मळ आणि गंज साचलेला असतो. पेडल पार तळाला नेलं की सील त्या खरबरीत जागेवर घासतात, आणि कालपर्यंत धड चालणारा मास्टर सिलिंडर आज आतल्या आत गळू लागतो.

पेडल टणक झालं की पाय तसाच दाबून अर्धा मिनिट थांबा. पेडल हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील दाब धरत नाहीत. पेडल स्पंजासारखं मऊ आहे, पण दोनतीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होतंय, असं असेल तर बहुधा लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा आहे. आता पाय न काढता इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. यातलं काहीही चुकत असेल तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, मग दिवा लागलेला असो वा नसो.

कोणता दिवा लागलाय?

‘ब्रेकचा दिवा लागलाय’ असं सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो रंगाचा. गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, रंग लाल, हा मुख्य इशारा. पिवळ्या गोलात ‘एबीएस’ अशी अक्षरं असतील तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा रजेवर असते. गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा असलेला पिवळा दिवा पॅड झिजल्याचा. आणि लाल व पिवळा असे दोन्ही एकदम लागले तर ते जास्त गंभीर. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी ‘ईबीडी’ ही सोय एबीएसच्याच संगणकाकडे असते. तीही बंद पडली तर कडक ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

इथून पुढे बराच वेळ मी लाल दिव्याबद्दलच बोलणार आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

हा दिवा ब्रेक तपासत नाही. गाडी किती अंतरात थांबते, पॅड डिस्कला नीट टेकतात का, यातलं त्याला काही कळत नाही. त्याला कळतं ते दोनतीन स्विचांपुरतं: हँडब्रेकचा स्विच, ब्रेक ऑइलच्या बाटलीतला पातळीचा स्विच, जुन्या गाड्यांत दोन लाइनींतल्या दाबाचा फरक पकडणारा स्विच, आणि नव्या गाड्यांत एबीएसच्या संगणकाकडून येणारा निरोप. चार घरांना मिळून एकच दारावरची घंटा असावी, तसा हा प्रकार. वाजली एवढं कळतं, कुणी वाजवली ते कळत नाही.

त्यामुळे घर शोधावं लागतं, आणि ते फार अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, किल्ली चालू ठेवा. हँडब्रेकचा लिव्हर एक खाच वर-खाली करून बघा. नंतर हाताने लिव्हर अगदी तळाशी दाबून धरा. दिवा लुकलुकला किंवा विझला तर शोध तिथेच संपला. नाही तर बॉनेट उघडून ऑइलच्या बाटलीवरचं कपलर काढा. बहुतेक गाड्यांत पातळी खाली गेल्यावर हा स्विच जोडला जातो, त्यामुळे कपलर काढताच दिवा विझला तर तक्रार बाटलीकडून येतेय. काही नव्या गाड्यांत संगणक त्या वायरवरही लक्ष ठेवतो आणि कपलर काढल्यावर उलट दिवा लागतो. आपल्या गाडीत कसं आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं. तपासून झालं की कपलर परत लावायचं. ते तसंच लोंबकळत ठेवून ‘दिवा गेला’ म्हणणं म्हणजे पुढे खरोखर ऑइल गळालं तर कळायची एकुलती एक सोय स्वतःच्या हाताने काढून टाकणं.

बाटलीतलं ऑइल

पॅड झिजत जातो तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकत येतो. त्याच्या मागे जी जागा वाढते ती बाटलीतलं ऑइल भरून काढतं. म्हणूनच एक थेंबही न गळता बाटलीतली पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल बाटलीत परत येतं. मधल्या काळात कुणी ‘कमी दिसतंय’ म्हणून वरून भर घातली असेल तर आता ते उतू जातं. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे सांडलं की लगेच पाण्याने धुवावं. ते वाहत सेन्सरच्या कपलरात शिरलं असेल तर कपलर उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, वाळवूनच लावावं.

आता यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. फक्त पॅड बदलले असतील, लाइन कुठेही उघडलेली नसेल, तर पातळी वाढायला हवी. ती कमी झाली असेल तर ऑइल गेलं कुठे? वरून भरून मोकळं होण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजू टॉर्चने बघा. होजच्या (रबरी नळीच्या) टोकांशी ओल, ड्रमच्या खालच्या कडेला ओघळ, टायरच्या आतल्या भिंतीवर तेलकट पट्टा. कॅलिपर किंवा होज बदलला असेल, हवा काढली असेल, तर पातळी उतरणं साहजिक आहे. तरी बँजो बोल्टकडे नजर टाकाच. होज कॅलिपरला जोडणाऱ्या या पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंना मऊ तांब्याचे वायसर असतात. ते एकदा दाबून चपटे झाले की त्यांचं काम संपलं, दर वेळी नवे घालायचे असतात. जुनेच परत घातले तर बोल्ट कितीही आवळा, जोरात ब्रेक दाबल्यावर थेंब येतो. बारीक गळती उभ्या गाडीत दिसत नाही. दुसऱ्या कुणाला पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि तेव्हा बघा.

पातळी दोन खुणांच्या मध्ये अगदी व्यवस्थित आहे आणि तरी दिवा लागलाय, असंही होतं. बाटलीच्या आत एक तरंगता तुकडा असतो, त्यात छोटंसं चुंबक. जवळच बंद काचनळीत दोन बारीक पत्र्या असतात. तरंगता तुकडा खाली आला की चुंबक पत्र्यांजवळ येतं, पत्र्या एकमेकींना चिकटतात आणि दिवा लागतो. जुन्या ऑइलचा काळपट गाळ तळाशी साचलेला असतो. ऑइल बदलताना सिरिंजने बाटली रिकामी केली की तुकडा त्या गाळात जाऊन बसतो, आणि वरून नवं ऑइल ओतलं तरी उठत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाटलीवर हलकेच टकटक करा. दिवा विझला तर स्विच शाबूत आहे, बाटली मात्र काढून स्वच्छ करायला हवी. काही तरंगते तुकडे चिरतात आणि आत ऑइल शिरून जड होतात, ते टकटकीला दाद देत नाहीत. काही गाड्यांत ही सगळी भानगड झाकणातच असते. तिथे झाकण तिरकं बसलं किंवा त्याच्या वायरींना पीळ पडला तरी तुकडा अडकतो.

दिवा फक्त वळणावर किंवा ब्रेक मारताना क्षणभर लागतो, नंतर जातो? ऑइल खालच्या खुणेच्या आसपास आहे आणि डुचमळल्यावर तुकडा खाली जातोय.

भर घालायची तर झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच ऑइल घाला. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०, डॉट ५.१ किमान २६० सेल्सियसपर्यंत. हवेतलं पाणी शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० पर्यंत उतरू शकतात. म्हणून कधीची उघडून ठेवलेली बाटली वापरू नये. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचंच नाही, नावात ५.१ सारखं दिसलं तरी. आणि कुणी चुकून इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं असेल तर पहिला पुरावा झाकणाच्या आतलं रबर देतं: ते फुगून वाकडंतिकडं होतं, परत जागेवर बसत नाही. तसं दिसलं तर आतले सगळे रबरी भाग बदलण्याची तयारी ठेवावी लागते, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

हँडब्रेकची ओढाताण

मागच्या ड्रमचं काम झाल्यावर दिवा लागला तर संशय आधी हँडब्रेकवर. ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब राहिले असले की लिव्हर फार वर येतो. मग सोपा उपाय म्हणून केबल आवळली जाते. लिव्हर घट्ट होतो, पण केबलच्या ताणामुळे तो सोडल्यावर पार तळाला जात नाही, दोनचार मिलिमीटर अधांतरी राहतो. खालचा स्विच दाबला जात नाही आणि दिवा तसाच. खरा क्रम उलटा आहे. आधी केबल पूर्ण सैल करायची, मग ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरने शू जवळ आणायचे, चाक हाताने फिरवताना जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतके. केबलची पाळी शेवटी.

आवळलेली केबल नुसता दिवा लावून थांबत नाही, ती शू सतत घासत ठेवते. थोडी गाडी फिरवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा, डिस्कला किंवा ड्रमला हात न लावता. एका चाकातून स्पष्ट जास्त धग येत असेल तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. मागेही डिस्क असलेल्या आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असलेल्या अनेक गाड्यांत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत न्यावा लागतो. तो जबरदस्तीने दाबला तर आतली यंत्रणा बिघडते.

लिव्हरऐवजी बटण असेल तर प्रकरण आणखी वेगळं. तिथे मोटर पिस्टनला आतून ढकलते. पॅड काढण्याआधी तिला ‘सर्व्हिस मोड’मध्ये नेऊन मागे घ्यावं लागतं, काही गाड्यांत स्कॅनरने (गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या यंत्राने), तर काहींत पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने. काम झाल्यावर तिला त्या मोडमधून बाहेर काढून नव्या पॅडची जाडी शिकवावी लागते. हे शेवटचं राहून गेलं तर हँडब्रेकचा दिवा लुकलुकत राहतो आणि लोक ऑइल भरत बसतात. कामाच्या वेळी बॅटरी उतरलेली असेल तरी ही शिकवणी अर्धवट राहू शकते. अशा गाडीत पॅड काढलेले असताना कुणाचाही हात बटणाकडे जाता कामा नये, पिस्टन बोटं बघत नाही.

जुन्या गाड्यांतली एक गंमत

मास्टर सिलिंडर एक दिसला तरी आत दोन स्वतंत्र लाइनी असतात. एक फुटली तर दुसऱ्या लाइनीच्या चाकांना तरी ब्रेक राहावा म्हणून. बऱ्याच जुन्या गाड्यांत या दोन्ही लाइनी एका पितळी ठोकळ्यातून जातात, आणि ठोकळ्यात दोहोंच्या मधोमध एक छोटा पिस्टन असतो. एका बाजूचा दाब पडला की तो तिकडे सरकतो, मधला स्विच दाबला जातो, दिवा लागतो.

आता हवा काढताना आपण काय करतो? एका चाकाचं निपल (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) उघडून पेडल दाबतो, म्हणजे त्या बाजूचा दाब मुद्दाम पाडतो. ठोकळ्याला वाटतं लाइन फुटली. पिस्टन सरकतो आणि तिथेच अडकून बसतो. काम उत्तम झालेलं, पेडल टणक, पातळी बरोबर, आणि दिवा पेटलेला. काही ठोकळ्यांत एकदा पेडल जोरात दाबलं की पिस्टन आपोआप मधोमध येतो. बाकीच्यांत दुसऱ्या लाइनीच्या चाकाचं निपल जरासं उघडून, दिव्याकडे लक्ष ठेवत, पेडल अगदी सावकाश दाबायचं. दिवा विझताक्षणी निपल बंद. पुन्हा लगेच लागला तर मात्र तो हवा काढताना अडकलेला पिस्टन नाही, खरी गळती आहे.

दिव्याला न दिसणारं

लाइनमध्ये हवा असेल तर हा दिवा लागत नाही. ही गोष्ट लोकांना पटवून देणं कठीण जातं, कारण हवा हीच तर कामानंतरची सगळ्यात नेहमीची तक्रार. पण पातळी पूर्ण आहे, हँडब्रेक सुटलेला आहे, दिव्याला अजून काय सांगायचंय?

यातलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तरी कित्येकदा ते बोल्टांवर तंतोतंत बसतात. फरक एवढाच पडतो की हवा काढायचं निपल वर असायचं ते खाली येतं. हवा कॅलिपरमध्ये वर साचते आणि निपल खालून स्वच्छ ऑइल सोडत राहतं. बाटल्याच्या बाटल्या ऑइल ओता, नळीत एक बुडबुडा दिसणार नाही, आणि पेडल मऊ ते मऊच. पुढे वाकून निपल कुठे आहे ते पाहिलं तर क्षणात उलगडा होतो. निपल जागेवर असूनही पेडल मऊ असेल तर हवा एबीएसच्या ठोकळ्यात अडकलेली असू शकते. तिथले आतले व्हॉल्व्ह आणि पंप स्कॅनरने चालवल्याशिवाय ती बऱ्याच गाड्यांत निघत नाही.

पिवळ्या दिव्यांबद्दल थोडं

एबीएसचा दिवा किल्लीबरोबर लागतो, विझतो, आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर परत लागतो, असं असेल तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरपासून सुरुवात करा. कॅलिपर काढून बाजूला ठेवताना सेन्सरची बारीक वायर ओढली गेलेली असते, किंवा तिची क्लिप लावायची राहिलेली असते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ती टायरला घासते. सेन्सरच्या टोकाला लोखंडी भुकटीची मिशी चिकटलेली असते, ती पुसली तरी कधी कधी काम होतं. बेअरिंग बदलल्यानंतर दिवा लागला तर बेअरिंग उलटं बसलंय का ते विचारा. नव्या बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकी कडी असते, ती सेन्सरकडे असावी लागते, आणि ती डोळ्यांना साध्या सीलसारखीच दिसते.

स्वस्तातले कोड रीडर अनेकदा इंजिनपुरतेच असतात. एबीएस वाचणारा स्कॅनर हवा. कोड कोणत्या चाकाचा आहे ते तो सांगेल, पण ‘सेन्सर सर्किट’ म्हणजे सेन्सरच असं नाही. वायर, कपलर, गंज हे सगळं त्यातच आलं.

पॅड झिजल्याचा दिवा नवे पॅड घालूनही राहिला तर पॅडमधली वायर जुनीच आहे. ती घासून एकदा तुटली की तुटली, पॅडबरोबर नवी घालावी लागते, आणि काही गाड्यांत त्यानंतर मीटरमधून रीसेटही करावं लागतं.

पेडलजवळच्या ब्रेकलाइटच्या स्विचचाही विचार करा. हवा काढताना पेडल काठीने अडकवून ठेवलं किंवा फार खाली नेलं की तो कधी जागेवरून सरकतो. मग मागचे लाल दिवे सतत पेटलेले राहतात किंवा लागतच नाहीत, आणि एबीएस व स्थैर्य राखणाऱ्या यंत्रणेचे दिवे उजळतात. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि आरशात बघा.

एक शेवटचा प्रकार, ज्यात ब्रेकचा काही संबंधच नसतो. काही गाड्यांत ब्रेकचा लाल दिवा आणि बॅटरीचा दिवा जोडीने लागतात, कधी अगदी मंद. कामाच्या दिवशीच लागले म्हणून दोष ब्रेकवर येतो, पण बिघाड बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असतो. अशा वेळी चाकं पुन्हा उघडू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा. साध्या चार्जिंगच्या गाडीत १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो १२ च्या घरात रेंगाळत असेल तर गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.